वायरमनच्या पांढऱ्या लिली

“एकही नाही,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. समोर कुंडी, कुंडीत कमरेएवढी वाढलेली लिली आणि तिच्या पानापानावर लाल भुंगेरे. कुणीतरी मूठभर डाळिंबाचे दाणे उधळले असावेत तसे. दोघे शेंड्याला, कळ्यांच्या बेचक्यात. तिघे खालच्या पानावर. एक तर बाबांच्या बोटापासून चार अंगुळांवर आरामात पान कुरतडत बसलेला. आणि बाबा चष्मा पुसून, परत डोळ्यांवर चढवून, वाकून, अगदी मन लावून बघून मला सांगत होते की एकही नाही.

“बाबा, सकाळी सकाळी थट्टा करताय का माझी?”

“थट्टा कसली? रोज बघतो मी. कीड नाही. गोगलगाई खातात रात्रीच्या. त्यांचा बंदोबस्त केलाय बघ.”

बंदोबस्त मात्र बघण्यासारखा होता. एकवीस कुंड्या आणि प्रत्येक कुंडीच्या गळ्याशी सोललेल्या तांब्याच्या तारेचे दोन-दोन वेढे. गोगलगाईला तांब्यावरून सरकवत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस, वेढे असे सफाईदार की जणू कुंड्यांचंच वायरिंग केलंय. आत लिलीची पानं चाळणी झालेली. पानांवर जो काळा, ओला घाणेरडा लगदा दिसतो तो या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा. अळी स्वतःचीच घाण पाठीवर घेऊन बसते, म्हणजे पक्ष्यांना तिची किळस यावी. तो लगदा बाबा रोज ओल्या फडक्याने पुसत होते. गोगलगाईंची घाण समजून.

मला रडावंसं वाटलं, आणि रडू आलं की मी चिडते, तशी चिडले. या लिली आईच्या. आई गेली त्याला दहा महिने झाले होते. तिच्याशिवाय येणारा हा पहिलाच कळ्यांचा हंगाम आणि तिच्या लिलींना माझ्या बापाच्या डोळ्यांदेखत कीड फस्त करत होती.

मी बस डेपोत वेळापत्रकं लावते. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तरी ड्रायव्हरांची सालटी काढते, म्हणून तिथे मला ‘मिरची’ म्हणतात. बुधवारी माझी सुट्टी. दर बुधवारी सकाळी मी बाबांकडे येते, घर आवरते, दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवते. गच्चीवर मात्र मी इतक्या दिवसांत चढलेच नव्हते. आईच्या कुंड्या बघवत नव्हत्या, खरं सांगायचं तर. आज बाबाच म्हणाले, कळ्या धरल्यात, चल बघायला.

मी हात पुढे करून त्यांच्या बोटाजवळचा तो निवांत भुंगेरा पकडला. हे किडे बेरकी असतात. जरा धक्का लागला की पाय आखडून खाली पडतात ते थेट उताणे. पोट काळं, माती काळी, मग शोधत बसा. हा मात्र सापडला. तळहातावर घेऊन मी तो बाबांच्या नाकासमोर धरला.

“मग हे काय आहे?”

बाबा दचकले. “अरे! हा आहे खरा. कुठे होता?”

“तुमच्या नाकासमोर!”

मी त्याला परत त्याच पानावर ठेवलं. “आता?”

बाबा वाकले. बघत राहिले. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि पान चाचपायला सुरुवात केली. चष्म्यातून भिंतीवरची मुंगी दिसते त्यांना. पण समोर बसलेला भगभगीत लाल किडा ते बोटाने शोधत होते.

गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर चिमटे, काही लाल, काही हिरवे. मी म्हटलं, “बाबा, त्यातला लाल चिमटा द्या.”

ते जागचे हलले नाहीत.

“द्या ना. लाल.”

बराच वेळ ते दोरीकडे बघत राहिले. मग एक चिमटा काढून माझ्या हातात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, परीक्षेत पाटी दाखवून उभ्या राहिलेल्या पोरासारखे. चिमटा हिरवा होता.

“बरोबर?” त्यांनी विचारलं.

मी चिमटा परत दोरीला लावला. ते काय समजायचं ते समजले आणि उलट्या ठेवलेल्या रिकाम्या कुंडीवर जाऊन बसले.

“नाही दिसत मला,” ते म्हणाले. “म्हणजे दिसतं, पण लाल आणि हिरवं एकच दिसतं. मातकट काहीतरी. जन्मापासून.”

“जन्मापासून?”

“हो.”

“बाबा, तुम्ही वायरमन आहात!”

“होतो,” ते म्हणाले. “तुझी आई होती तोवर.”

मी तिथेच गच्चीच्या जमिनीवर बसले. ज्या माणसाने आमच्या अर्ध्या गल्लीचं, दोन शाळांचं, एका छापखान्याचं आणि मी जिथे काम करते त्या डेपोच्या नव्या कार्यालयाचं वायरिंग करून दिलं, त्या माणसाला लाल वायर आणि हिरवी वायर वेगळी दिसत नाही. लाल म्हणजे विजेची. हिरवी म्हणजे अर्थिंगची, जमिनीत जाणारी, माणसाचा जीव वाचवणारी. हा फरक मला शेंबड्या वयात बाबांनीच शिकवला होता. रंग बघून नव्हे, पाठ करून शिकवला होता, हे मला आज कळत होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

आई बाबांबरोबर कामावर जायची. कधीमधी नव्हे, प्रत्येक कामावर. बाबा पुढे शिडी घेऊन आणि आई मागे हत्यारांची बॅग घेऊन. गल्लीत तिला ‘टेस्टर’ म्हणायचे. वायरमनच्या खिशाला टेस्टर चिकटलेला असतो तशी ही नवऱ्याला चिकटलेली. बायका तोंडावर हसायच्या की वायरमनला कोण पळवून नेणार आहे गं, म्हणून राखण करतेस? आई हसून म्हणायची, “नेलं तर?” आणि पुढे चालू लागायची. गुडघे सुजले तरी गेली. शिडीखाली स्टुलावर बसायची, मांडीवर वायरी घेऊन, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ हातात. वायरींना गाठी मारत बसायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, गुंता होत नाही.

मी हसले नाही. मी भांडले. बारा वर्षांची असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. भूल उतरली, डोळे उघडले, तर उशाशी ताई. आई कुठे? आई बाबांबरोबर छापखान्याच्या कामाला गेलेली. संध्याकाळी आली, हाताला ग्रीसचा वास. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, “तुझ्या पोटच्या त्या वायरीच आहेत, जा त्यांच्याकडे.” ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. हे वाक्य मी पुढेही वापरलं, मोठी झाल्यावरही, चांगलं धारदार करून. गेल्या वर्षीसुद्धा, ती जायच्या दोन महिने आधी.

“तिला माहीत होतं?” मी बाबांना विचारलं. प्रश्नच मूर्खपणाचा होता.

“लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं तिला. मी हिरवी छत्री म्हणून लाल आणली. ती हसली नाही. रात्रभर विचार करत बसली. सकाळी उठून माझी बॅग तिने उचलली आणि म्हणाली, चला, मी येते. त्या दिवसापासून लाल वायरीला ती पांढरा दोरा बांधायची, दोन्ही टोकांना. पांढरं दिसतं मला. काळी वायरही ओळखू येते. ती एकदाही चुकली नाही गं. एकदाही.”

“आणि आम्हाला सांगितलं नाही.”

“ती सांगणार होती. तुझं ते ऑपरेशन झालं ना, तेव्हा घरी येऊन म्हणाली, पोरीला सांगूया, ती माझा राग धरून बसेल. मीच शपथ घातली तिला. लायसन्स गेलं असतं. रंगांच्या परीक्षेला पुढच्या माणसाची उत्तरं ऐकून पाठ करून पास झालो होतो मी.”

मी एकवीस कुंड्यांकडे बघितलं. सगळ्या पांढऱ्या लिलींच्या. आईने दुसरा रंग कधी लावलाच नाही. एकदा पहिल्या पगारातून मी तिला शेंदरी लिलीचे सहा कंद आणून दिले होते, मोठ्या हौसेने, भुश्शात गुंडाळून. तिने ते खालच्या शिंपीणकाकूंना देऊन टाकले. त्यावरूनही मी महिनाभर अबोला धरला होता. हिरव्या पानांत शेंदरी फूल बाबांना दिसलं नसतं. पांढरं दिसतं. बस, एवढंच होतं ते.

आणि ते ताट. गच्चीच्या दाराजवळ खिळ्याला एक पांढरं इनॅमलचं ताट टांगलेलं असे. रोज सकाळी आई लिलीच्या दांड्याला टिचकी मारायची आणि बाबा खाली ताट धरायचे. भुंगेरे टपाटप ताटात पडायचे. पांढऱ्यावर काळं पोट, बाबा पटकन अंगठ्याने चिरडायचे. मला वाटायचं, काय हे म्हाताऱ्यांचे चाळे, दोघं मिळून एक किडा मारतात. ताट अजून तिथेच होतं. त्यावर धूळ होती. टिचकी मारणारं माणूस गेल्यावर ताट कुठे धरायचं, ते बाबांना कळत नव्हतं.

मी मोठ्याने रडायला लागले असते, पण रडण्याच्या आधी डेपोतली माझी अक्कल जागी झाली. तिथे मला एकच सवय लागलीय. गाडी कुठून सुटली ते कळलं की पुढे कुठे कुठे गेली असेल ते आपोआप डोळ्यांपुढे येतं.

“बाबा,” मी म्हटलं, “आई गेल्यावर तुम्ही कामं केलीत.”

“मोठी नाही. तीनच.”

“कशी केलीत?”

“तिने दोरे बांधून ठेवलेले वायरीचे तुकडे होते ना. जाण्याआधी बसल्या बसल्या बांधून ठेवले होते तिने. तीन तुकडे, दोन्ही टोकांना दोरे. शिंपीणकाकूंच्या इस्त्रीला एक लावला. शाळेच्या पंपाला एक.”

“आणि तिसरा?”

“काल संध्याकाळी. ताईच्या गीझरला.”

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आदल्याच दिवशी ती नव्या घरात राहायला गेली होती, इथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर.

“दोन्ही टोकांना दोरा होता ना?” मी विचारलं.

बाबा कुंडीच्या तारेचा वेढा बोटाने सारखा करत राहिले.

“बाबा!”

“वायर लांब झाली,” ते म्हणाले. “लोंबकळत होती. नळाजवळ वायर लोंबकळलेली बरी नव्हे. म्हणून प्लगकडचं टोक कापून आखूड केलं.”

“म्हणजे दोरा गेला.”

“गेला. पण वायर कशी पडलीय ते लक्षात ठेवलं होतं मी. वरची लाल, खालची हिरवी. बहुतेक.”

बहुतेक! चाळीस वर्षांत हा शब्द माझ्या बापाच्या तोंडी कामाच्या बाबतीत मी कधी ऐकला नव्हता.

“बॅटरी आणि बल्ब लावून कुठली वायर कुठली ते बघता आलं असतं ना? तुम्हीच शिकवलंय मला!”

“आलं असतं. पण सवय नाही राहिली. तिला विचारायचो, ती सांगायची.” मग घाईघाईने म्हणाले, “पण तिच्याकडे वीजच नाहीये अजून. त्या नव्या इमारतीचे मीटर आज सुरू होणार आहेत, अकराच्या सुमाराला. मी तिला बजावलंय, वीज आली की मला फोन कर, मी येऊन टेस्टर लावून बघतो, तोवर गीझरला हात लावू नकोस.”

“ताईला बजावलंय?” मी ओरडले. “आपल्या ताईला?”

आमची ताई भात शिजायच्या आत झाकण काढून बघते. लहानपणी तिने कंद उगवला की नाही ते बघायला आईची लिली तीनदा उकरली होती. तिला ‘थांब’ म्हणणं आणि भिंतीला म्हणणं सारखंच.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसता वाजला. घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते उठले, खिशातला टेस्टर चाचपला आणि माझ्याही आधी जिना उतरू लागले.

स्टॉपवर आलो आणि मला आठवलं की दहा पंचावन्नची ताईच्या बाजूला जाणारी फेरी मीच गेल्या महिन्यात रद्द केली होती. प्रवासी कमी आहेत म्हणून, लाल पेनाने, स्वतःच्या हाताने. पुढची अकरा पंचवीसला. रस्त्यावर एक टॅक्सी दिसेना. मग आम्ही पळत सुटलो. एक सत्तरीचा माणूस आणि एक चाळिशीची जाडी बाई, पायात गच्चीवरच्या चपला, हातांना मातीचा चिखल. लोक वळून बघत होते. मी फोन कानाला लावून पळत होते आणि तो मेला फोन वाजतच होता. शेवटच्या चौकात बाबांना धाप लागली, तर म्हणाले, “तू हो पुढे.” मी म्हटलं, “नाही, टेस्टर तुमच्याकडे आहे,” आणि त्यांचा दंड धरून ओढत नेलं. खरं तर टेस्टर खिशातून काढून घेता आला असता. सुचलंच नाही. एकटीने तो दरवाजा उघडायची माझी हिंमत नव्हती.

जिन्यात दिवा लागलेला होता. वीज आली होती.

मी बेलचं बटण दाबून धरलं, सोडलंच नाही. आत पावलं वाजली. दार उघडलं. खांद्यावर टॉवेल, केस मोकळे, कपाळाला आठ्या. ताई.

“अगं किती वाजवशील? आणि बाबा? हे काय रूप?”

मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, “वेड लागलंय का? चिखलाचे हात! फोन खोक्यात कुठेतरी वाजतोय, मला सापडेना. बरं झालं आलात. वीज आली लगेच गीझर लावला मी. वीस मिनिटं झाली, पाणी काही तापत नाही. गार धारेखाली उभी होते. टाकीला हात लावून बघणारच होते, तर तुमची बेल.”

“बाबांनी बजावलं होतं ना तुला?”

“बजावलं होतं गं. पण नळाला पाणी आलं, भिंतीला वीज आली, त्यात आणखी बघायचं काय?”

बाबा तिच्या बाजूने आत गेले. न्हाणीघराची फरशी ओली होती. त्यांनी उंबऱ्याबाहेर रबरी पायपुसणं ओढलं, त्यावर उभे राहिले आणि हात लांब करून टेस्टरचं टोक गीझरच्या पत्र्याला टेकवलं.

टेस्टरमधला एवढासा दिवा लागला.

ताईला त्याचा अर्थ कळला नाही. आम्हा दोघांना कळला. टाकीच्या पत्र्यात वीज होती. ओल्या फरशीवर अनवाणी, अंग ओलं, हात वर. बेल वाजायला आणखी थोडा उशीर झाला असता तर. मी ते वाक्य आजही मनातसुद्धा पूर्ण करत नाही.

मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकण उघडून ते माझ्यासमोर धरलं. तिन्ही पिनांना तीन वायरी, नीट, घट्ट, सफाईदार बसवलेल्या. जाड लांब पिन अर्थिंगची असते. तिला लाल वायर होती, आणि टाकीच्या पत्र्याला जाणारी हिरवी विजेच्या पिनला.

कसं आहे, हे बाबांनी विचारलं नाही. त्यांनी काळी तशीच ठेवून उरलेल्या दोन्ही वायरी सोडवल्या, दोन चिमटीत दोन टोकं धरली आणि वर बघितलं.

“कुठली?” ते म्हणाले.

हा प्रश्न चाळीस वर्षं शिडीवरून खाली विचारला गेला होता आणि खाली स्टुलावर बसलेल्या बाईने प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी ती उत्तर द्यायला गेली नसती, तर छापखान्यात कुणाची तरी आई घरी परत गेली नसती. मला हे कुणीच सांगितलं नाही आणि मी तिला अठ्ठावीस वर्षं टोचत राहिले.

“डाव्या हातातली लाल,” मी म्हटलं. “उजव्या हातातली हिरवी.”

ताई दारात उभी होती. “बाबांना कळत नाही का?” तिने विचारलं. मग आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारायच्या आधी थांबली. सगळं सांगितल्यावर ती ओल्या केसांनीच बाबांशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, “आईला मी विचारलं होतं एकदा, तुला कंटाळा येत नाही का? तर म्हणाली, मला ते रोज बोलावतात. आणखी काय हवं?”

बाबा रडले. मग आम्हीही.

संध्याकाळी आम्ही दोघं शाळेच्या पंपाकडे गेलो, मग शिंपीणकाकूंकडे. तपासणी आहे, एवढंच सांगितलं. बॅग मी धरली. दोन्ही ठिकाणी प्लग उघडले आणि दोन्ही ठिकाणी लाल वायरीवर पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. बारीक, दुहेरी, टोकं कापलेली. आई जायच्या आधी पलंगावर बसून हे करत होती आणि मी तिला म्हणत होते, आता तरी पुरे कर तो गुंता. इस्त्रीच्या प्लगमधल्या त्या गाठीला मी बोट लावलं. सुटायची नाही अशी घट्ट होती. झाकण परत लावायला मला वेळ लागला, तेव्हा काकू म्हणाल्या, “काय गं, बिघडलंय का काही?” मी म्हटलं, “नाही काकू. अगदी बरोबर आहे.” बाहेर आल्यावर बाबांनी स्वतःहून टेस्टर खिशातून काढला आणि माझ्या हातात दिला. यापुढे काम नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा डेपोत उशिरा जाते म्हणून कळवलं. तिथे बहुधा माझ्या तब्येतीची चौकशी सुरू झाली असेल. सकाळी ताट घासून पुसून गच्चीवर गेले. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, बरोबर दांड्याच्या खाली, कलतं. मी टिचकी मारली. आईसारखी जमली नाही. दोन भुंगेरे ताटात, दोन मातीत.

“हळू,” बाबा म्हणाले. “मनगटाने नको, बोटाने. तिचं बोट वाजायचं.”

दुसऱ्या कुंडीला जमलं. टप, टप, टप. पांढऱ्यावर काळे ठिपके. बाबांचा अंगठा सटासट चालला. पानांच्या मागे शेंदरी अंड्यांच्या ओळी होत्या, त्या मी नखाने खरवडल्या, कारण त्या ताटात पडत नाहीत. सात कुंड्या झाल्या तेव्हा बेचाळीस झाले होते. काही लिली वाचायच्या नाहीत. काहींच्या कळ्या शाबूत होत्या, फुगीर, टोकाशी पांढरेपणा धरलेल्या. पानं खाल्ली गेली तरी कंद जगला तर पुढच्या वर्षी उगवेल, असं बाबा म्हणाले. तांब्याच्या तारा मी काढू दिल्या नाहीत. गोगलगाई नसल्या म्हणून काय झालं, असू देत.

तेवढ्यात शिंपीणकाकू बादलीभर कपडे घेऊन गच्चीवर आल्या. आम्हाला तसं बघून कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या.

“घ्या! काल बॅग, आज ताट. अगदी आईवर गेलीस की गं तू. ती टेस्टर पण अशीच, नवऱ्याला म्हणून एकटं सोडायची नाही!”

हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले होते. दर वेळी मला आईची लाज वाटायची. बाबांनी ताट घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

“हो काकू,” मी म्हटलं. “नाही सोडायची. मीही नाही सोडत.”

मग मी बाबांना म्हटलं, “ताट जरा डावीकडे घ्या,” आणि पुढच्या दांड्याला टिचकी मारली.